मोठेपणी पोहण्यातली फ्रीस्टाइल सुधारायचीय? आमच्या सकाळच्या बॅचमधले नेहमीचे प्रश्न

मी जळगावचा, वय ४४, टँकवर जायला लागलो ४० व्या वर्षी. कोच वगैरे नाही, पण दर उन्हाळ्यात नवी मंडळी येतात अन् तेच तेच विचारतात, मग म्हटलं एकदाच नीट लिहून टाकू. यातलं बरंचसं आमच्या सरांचं आहे, चुका मात्र सगळ्या माझ्या स्वतःच्या, करून बघितलेल्या.

लहानपणापासून विहिरीत पोहतोय, तरी टँकमध्ये २५ मीटरला जीव का जातो?

हा आपल्याकडचा एक नंबरचा प्रश्न. मीपण यावल तालुक्यात मामाच्या मळ्यात, केळीच्या बागेला लागून जी विहीर होती तिच्यात पाठीला पत्र्याचा डबा बांधून शिकलो (आता कोरडी आहे ती). त्यामुळे टँकवर पहिल्या दिवशी एकदम रुबाबात उतरलो, डोकं वर, छाती वर, हात आपटत आपटत निघालो अन् अर्ध्यातच दोरी धरून उभा. शेजारच्या लेनमधली नऊ वर्षांची पोरगी माझ्याकडे बघत बघत शांतपणे पुढं निघून गेली.

नंतर डोक्यात प्रकाश पडला. विहीर किती मोठी असते भो? वीस-पंचवीस फूट. चार हात मारले की समोरची कपार हातात. म्हणजे छातीभर श्वास घ्यायचा, दाबून धरायचा अन् पलीकडे जायचं, मधे श्वास घ्यायची वेळच येत नाही. २५ मीटर म्हणजे ८२ फूट, तीन-चार विहिरी एकापुढे एक ठेवल्यासारखं. विहिरीनं आपल्याला न बुडायला शिकवलं अन् पाण्याची भीती काढली, हे लई मोठं काम झालं, पण पोहता पोहता श्वास कसा घ्यायचा हे शिकवलं नाही कारण तिथं त्याची गरजच नव्हती. तर तुमचा स्टॅमिना कमी नाहीये. सिगरेट सोडा, पळायला जा, हे सगळं चांगलंच आहे पण इथला रोग वेगळा आहे.

मग श्वासाचं नेमकं काय चुकतं?

आपण श्वास घेण्याच्या मागे लागतो, सोडायचं विसरतो. तोंड पाण्यात असताना श्वास धरून ठेवतो, मान फिरवली की त्या अर्ध्या सेकंदात आधीचा सोडायचा अन् नवा घ्यायचा अशी दोन कामं करायला बघतो, मग दोन्ही अर्धवट. असं तीन-चारदा झालं की छाती भरलेलीच असते पण आतमध्ये कार्बन डायऑक्साइड साठत जातो, अन् "आता श्वास घे, नाहीतर मेलास" ही जी घाबरगुंडी उडते ना ती मुख्यतः त्या साठलेल्या वायूमुळे असते, ऑक्सिजन संपला म्हणून नाही. मला हे कळलं तेव्हा अर्धी भीती तिथंच गेली.

सरांनी मला चार दिवस पोहूच दिलं नाही. उथळ बाजूला पाइप धरून उभं करायचे, तोंड पाण्यात घाल अन् गुणगुणल्यासारखं नाकातून सोड म्हणायचे. खाली निळ्या टाइल्स, त्यातल्या एकीचा कोपरा तुटलेला, तिच्याकडे बघत मी बुडबुडे सोडत बसायचो. पहिल्या दिवशी बुडबुडे यायचे ते धडाधड, एका दमात, अन् छाती लगेच रिकामी. तिसऱ्या दिवशी बारीक धार यायला लागली, न तुटता, आठ-दहा सेकंद. मग तोंड बाजूला वळवून नुसतं उघडलं की हवा आपोआप आत येते, ओढावी लागत नाही. चाळिशीचा माणूस पाइप धरून बुडबुडे काढतोय हे बघून काठावरची पोरं हसायची, हसू द्या.

श्वास घेताना मान वर उचलायची नाही, बाजूला वळवायची, अन् तीपण खांद्यासोबत. एक डोळा पाण्यात अन् एक बाहेर, एवढंच. पोहताना डोक्याच्या पुढं पाण्याची लाट होते अन् तिच्या मागे तोंडाजवळ खड्डा पडतो, पाण्याची पातळी तिथं थोडी खाली असते, श्वास त्या खड्ड्यातून घ्यायचा. सुरुवातीला पाणी जाईल तोंडात, जाऊ द्या, थुंकून टाका.

एकाच बाजूनं श्वास घेऊ की दोन्ही?

आधी एका बाजूनं पक्का करा, दर दोन हातांनी. "दर तीन हातांनीच घ्या" असं खूप जण सांगतात, पण ज्याला हवाच पुरत नाही त्याला अजून कमी हवा द्यायची यात काय शहाणपण आहे मला कळलं नाही. नंतर महिना-दोन महिन्यांनी मात्र दुसरी बाजूही शिकाच, नाहीतर अंग एकीकडं झुकतं. मी जाताना उजवीकडून घेतो अन् येताना डावीकडून.

पाय बुडतात. किक जोरात मारू का?

नाही! पाय बुडतात ते डोक्यामुळे. आपली फुप्फुसं म्हणजे हवेचा फुगा, तो छातीत आहे, अन् कंबर-मांड्यांचं वजन त्याच्या मागे. तराजूसारखं आहे हे, एक पारडं उचललं की दुसरं खाली जातं. तुम्ही समोरची भिंत बघायला डोकं उचललं की पाय गेलेच खाली. आणि पाणी हवेपेक्षा साधारण ८०० पट दाट, त्यामुळे खाली गेलेले पाय म्हणजे मागे नांगर बांधून पोहण्यासारखं.

म्हणून नजर खाली, तळाकडे, फार तर थोडी पुढं. मानेला अजिबात ताण नको, डोकं पाण्यावर असं टाकून द्यायचं जसं उशीवर टाकतो. अन् छाती थोडी पाण्यात दाबायची. हे करून बघा, काठाला पाय लावून ढकला, हात सरळ पुढं, काहीच करू नका, नुसतं सरकत जा. एकदा समोर बघत अन् एकदा तळाकडे बघत. किती लांब गेलात यातला फरक बघितल्यावर मला अजून काही पटवून द्यायची गरज पडणार नाही.

मधे एकानं माझ्याशी वाद घातला की जुने लोक डोकं वर ठेवूनच पोहायचे. खरंय. अमेरिकेचा जॉनी वाइसमुलर डोकं अन् छाती वर काढूनच पोहायचा, अन् १९२२ साली १०० मीटर एका मिनिटाच्या आत पोहणारा तो पहिला माणूस, ५८.६ सेकंद. पण त्याची किक इंजिनासारखी होती. तुमची-माझी किक म्हणजे काय ते आपल्याला माहितीय.

बरं, मग किक कशी मारायची?

मांडीपासून, छोटी, अन् घोटा एकदम सैल. आपण मोठी माणसं गुडघ्यातून सायकल मारतो, त्यानं पाय पाणी पुढं ढकलतो अन् आपण मागे जातो. आमच्याकडं एक बँकेतले काका आहेत, ते बोर्ड धरून किक मारायचे अन् खरंच उलटे सरकायचे, मी डोळ्यांनी बघितलंय. घोटे ताठ असतील तर असं होतं. घरी टीव्ही बघताना वज्रासनात बसा थोडं थोडं, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी नको.

लांब पोहायचं असेल तर दोन हातांमागे दोन किक पुरतात, डावा पाय मारताना उजवा हात पुढं शिरतो अन् उलट. दोन हातांमागे सहा किक हे स्प्रिंटवाल्यांचं काम, पायांचे स्नायू मोठे, ते सगळा दम खाऊन टाकतात. शिकताना किक म्हणजे पाय वर ठेवण्यापुरती, पुढं न्यायचं काम हातांचं.

हात पाण्यात कसा ओढायचा? मी ओढतो पण पुढंच जात नाही.

इथं मी जरा लांब लिहिणार आहे कारण माझा सगळ्यात जास्त वेळ यात गेला.

बहुतेकांचा हात पाण्यात गेला की सरळ ताठ खाली जातो, वल्ह्यासारखा. त्यात पहिला अर्धा जोर पाणी खाली दाबण्यात जातो, म्हणजे अंग वर उचललं जातं, पुढं काही जात नाही. पुढं जायचं असेल तर पाणी मागे ढकललं पाहिजे, अन् मागे ढकलायला तळवा अन् कोपरापर्यंतचा हात मागे तोंड करून पाहिजे. म्हणजे हात पुढं लांब गेला की आधी बोटं खाली वळवायची, मग मनगट, मग कोपरापासून पुढचा हात, पण कोपर स्वतः वरच राहिलं पाहिजे, पाण्याच्या पातळीजवळ. याला कॅच म्हणतात.

मला हे शब्दांत कधीच कळलं नाही. कळलं ते टँकमधून बाहेर येताना. खोल बाजूला शिडी न धरता काठावर चढून बघा. दोन्ही तळवे काठावर टेकवले की कोपरं आपोआप वर अन् बाहेर जातात, अन् मग तुम्ही काठ खाली दाबून स्वतः वर येता. कोपर खाली पाडून कुणी चढू शकतं का? नाही. बस, पाण्यात तेच करायचं, फक्त आडवं. पाण्यात एक काठ आहे असं समजायचं, त्याच्यावर हात टेकवायचा अन् स्वतःला त्याच्या पुढं न्यायचं. त्या दिवशी मी चार-पाचदा नुसता चढलो-उतरलो, वॉचमनला वाटलं याला काहीतरी झालंय.

कॅच हळू, मागे ढकलणं जोरात. बोटं घट्ट चिकटवू नका, किंचित फट राहिली तर चालते. हात मांडीजवळून बाहेर काढायचा, कमरेशीच नको. बाहेर आल्यावर तो एकदम ढिला, कोपर पुढं, पंजा लोंबकळत. तेवढाच त्याला आराम मिळतो.

खांदा दुखायला लागला. पोहणं बंद करू?

दोन-चार दिवस थांबा, अन् परत गेल्यावर हात पाण्यात कुठं शिरतोय ते कुणाला तरी बघायला सांगा. मला डाव्या खांद्याला त्रास होता, मी म्हणायचो वय झालं. मग पुतण्याला मोबाइल देऊन समोरून व्हिडिओ काढायला लावला. बघितलं तर माझा डावा हात डोक्यासमोरून ओलांडून पार उजव्या खांद्यासमोर शिरत होता, तोपण अंगठा आधी, हात पिळून. मी शपथेवर सांगितलं असतं की माझा हात सरळ जातो! पाण्यात आपल्याला जे वाटतं अन् जे होतं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

उपाय असा की हात खांद्याच्या रेषेत पुढं घाला, म्हणजे ११ अन् १ वाजताच्या काट्यासारखे दोन हात आहेत असं समजून, तुम्हाला ते लईच फाकलेलं वाटेल पण व्हिडिओत बरोबर सरळ दिसेल. अंगठा नाही, मधली बोटं आधी, तळवा खाली. अन् अंग वळवा. नुसत्या खांद्यानं ओढू नका, कमरेपासून अंग ३०-४० अंश डावी-उजवीकडं वळलं की हात सहज लांब जातो अन् खांदा मोकळा राहतो. एवढं करूनही दुखत असेल, रात्री कुशीवर झोपता येत नसेल, तर डॉक्टरकडं जा, तेल चोळत बसू नका.

कुठले ड्रिल (टेक्निक सुधारायचे सराव) करू? यूट्यूबवर तर शंभर आहेत.

तीन बस झाले.

साइड किक: एक हात पुढं, एक मांडीवर, अंग कुशीवर, तोंड खाली, सहा किक, मग एक हात मारून दुसरी कूस. कंटाळवाणं आहे पण बॅलन्स यानंच येतो.

मुठी वळून पोहणं: एक लेंथ, म्हणजे टँकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मूठ बंद करून, मग हात उघडून. मूठ असताना आपसूक कोपरापर्यंतच्या हातानं पाणी धरायला लागतो, अन् मग पंजा उघडला की वल्हं मिळाल्यासारखं वाटतं.

तिसरं म्हणजे बोटांची टोकं पाण्यावरून घासत हात पुढं आणणं, कोपर वर राहायला.

कॅच-अप म्हणून जो प्रकार आहे, एक हात येईपर्यंत दुसरा पुढं थांबवून ठेवायचा, तो सगळे करतात पण मला नाही आवडत, मोठ्या माणसांना त्यानं मधेच थांबायची सवय लागते अन् मग ती जात नाही.

आठवड्यातून किती दिवस, अन् एका दिवसात किती?

रविवारी दोन तास मारण्यापेक्षा आठवड्यातून तीनदा पाऊण तास कधीही चांगलं, पाण्याची जाणीव चार दिवसांत विसरायला होते. माझं साधारण असं असतं: पहिली दहा मिनिटं बुडबुडे अन् काठ ढकलून सरकणं, मग ड्रिल २५ मीटरचे आठ, प्रत्येकानंतर अर्धा मिनिट आराम, मग साधं पोहणं ५० मीटरचे सहा, शेवटी उताणं पडून आरामात. टेक्निक बिघडलं असं वाटलं की थांबायचं. दमल्यावर मारलेल्या लेंथमध्ये आपण चुकाच पाठ करतो.

सुधारतोय की नाही कसं कळणार?

हात मोजा. २५ मीटरला माझे सुरुवातीला ३४ हात लागायचे, आता २१-२२ लागतात. वेळ अन् हात दोन्ही कमी व्हायला पाहिजेत, नुसते हात कमी करायला मधे सरकत राहिलात तर तो खेळ झाला, पोहणं नाही. टीव्हीवरच्यांशी तुलना करू नका, पॅरिस ऑलिम्पिकला २०२४ मध्ये चीनच्या पान झानलेनं १०० मीटर ४६.४० सेकंदांत मारलं, तेवढ्यात मी गॉगल नीट करतो.

किती दिवसांत येईल?

न थांबता १०० मीटर यायला मला सात महिने लागले, त्यातले दोन टँक बंद होता. काहींना दोन महिन्यांत येतं. विशेष म्हणजे ते हळूहळू येत नाही. ५० ला अडकून पडतो, अडकून पडतो अन् एके दिवशी श्वास जुळतो, त्या दिवशी २०० पण होऊन जातात.

माझं वय ५५, आता शिकून काय करू?

बीपी, शुगर, हृदयाचं काही असेल तर आधी डॉक्टरला विचारा, बाकी वय आडवं येत नाही. मुरलीकांत पेटकर आपल्या सांगलीकडचे, आधी बॉक्सर होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, त्यानंतर उपचार म्हणून पोहायला लागले अन् १९७२ ला हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणलं, ३७.३३ सेकंदांत. तुम्हाला सुवर्ण आणायला कुणी सांगत नाहीये जिभाऊ, चार लेंथ मारा.

बायकांसाठी काही वेगळं?

टेक्निक सगळं तेच, उलट बायकांचे पाय बहुतेक वेळा पुरुषांपेक्षा कमी बुडतात, त्यामुळे बॅलन्स लवकर येतो. अडचण असते ती बॅचच्या वेळेची. एका ठिकाणी लेडीज बॅच भर दुपारी ठेवली होती, मे महिन्यात, ४४ डिग्रीला! वहिनी अन् तिच्या मैत्रिणींनी मिळून अर्ज दिला तेव्हा सकाळची मिळाली. कपड्यांचं म्हणाल तर फुल बाह्यांचा स्विमसूट मिळतो, सुती टी-शर्ट घालून उतरू नका, तो पाणी पितो अन् हात जड होतो.

सामान काय काय घेऊ?

गॉगल चांगला घ्या, बाकी सगळं स्वस्तातलं चालेल. दुकानात गॉगल पट्टा न लावता डोळ्यांवर दाबून बघा, दोन सेकंद चिकटला तर तुमच्या चेहऱ्याचा. कॅप. उतरायच्या आधी अंग अन् केस साध्या पाण्यानं ओले करा, क्लोरीनचा त्रास कमी होतो. पुल बॉय म्हणजे पाय तरंगत ठेवणारा फोमचा ठोकळा, तो मांडीत धरून पोहलं की सगळ्यांना वाटतं आपल्याला जमलं, तो काढला की पाय परत खाली, म्हणून त्याची सवय नको.

खाऊन जाऊ की उपाशी?

सकाळी एखादं केळं, आपल्याकडं त्याला काय तोटा. आदल्या रात्री शेवभाजी हाणून आलात तर पहिल्या लेंथलाच आठवण येईल. पाणी प्या, टँकमध्येही घाम येतो, कळत नाही फक्त.

टँकची फी परवडत नाही, तापीत किंवा धरणावर प्रॅक्टिस केली तर?

नको. तापी, गिरणा वरून शांत दिसतात, खाली गाळ अन् डोह असतात, हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की पाणी कसं वाढतं ते भुसावळवाल्यांना विचारा. टँकमध्ये दमलो तर दोरी धरतो, तिथं काय धरणार? विहिरीतही एकट्यानं नाही.

अजून एक, हे टँकमध्येही लागू. पोरं पैज लावतात पाण्याखालून एका दमात लेंथ मारायची, अन् त्याआधी जोरजोरात दहा-पंधरा श्वास घेतात. हे जीवघेणं आहे. त्यानं कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग श्वास घ्यायची घाई होतच नाही अन् माणूस काही न कळता पाण्याखालीच बेशुद्ध पडतो. कुणी असं करताना दिसलं तर सरळ रागवा, पोरगं कुणाचंही असो.

फ्लिप टर्न (काठाशी कोलांटी मारून वळणं) शिकवाल का?

मलाच येत नाही. तीनदा ट्राय केलं, तिन्ही वेळा नाकात पाणी अन् एकदा टाच काठावर आपटली. हातानं काठ धरून वळतो, मस्त चाललंय.